जुनी मर्सिडीज लो करताना, सोलापूरच्या रस्त्यांचा हिशोब धरून

मला जुन्या जर्मन गाड्यांचं वेड आहे आणि त्यातही खाली बसवलेल्या गाड्यांचं, म्हणजे डब्ल्यू १२४ मर्सिडीज घ्या, ब्रूनो साको डिझाइनचे प्रमुख होते त्या काळातली, लांब बॉनेट, सरळ खांदे, कुठंही उगाच एक रेघ नाही, आणि तिच्या टायर आणि मडगार्डमधली ती चार बोटांची फट दोन बोटांवर आणली की तीच गाडी अशी काही दिसते की सात रस्त्याच्या सिग्नलला रिक्षावाले पण मान वळवून बघतात. पण ही गाडी इथं चालवायचीय. म्हणजे काळ्या मातीवर टाकलेले आणि दर पावसाळ्यानंतर लाटा आलेले रस्ते, प्रत्येक नगराच्या तोंडाशी लोकांनी हातानं घातलेले स्पीडब्रेकर, आणि एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर गेलेलं ऊन. त्यामुळं युरोपातले फोटो बघून तेवढीच खाली करायला गेलात तर महिन्याभरात चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) फुटणार हे नक्की. मी खाली जे लिहितोय ते आपल्या इथं रोज वापरता येईल अशी गाडी लो कशी करायची त्याबद्दल आहे, शोसाठी नाही.

मुख्यतः १२४ बद्दलच बोलतो कारण आपल्या भागात जुनी जर्मन म्हटलं की तीच जास्त सापडते. १९९५ पासून ती पिंपरीत टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात बनायला लागली, ई २२० पेट्रोल आणि ई २५० डिझेल, त्यामुळं पुण्याकडनं फिरत फिरत बऱ्याच इकडं आल्या. बीटल आणि बीएमडब्ल्यू ई ३० बद्दल शेवटी थोडं सांगतो, त्यांचा मामला वेगळा आहे.

आधी कागद

हे कंटाळवाणं आहे पण सोडू नका. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण, शिवाय ग्रीन टॅक्स. म्हणजे तुमची एमएच १३ असो नाहीतर पुण्याची असो, ही गाडी परत परत इन्स्पेक्टरसमोर उभी राहणार आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं मुळात दिलेल्या माहितीशी आरसीतली माहिती जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण हेच ठामपणे सांगितलंय. त्यामुळं माझा नियम सरळ आहे, चासी कापायची नाही, मडगार्ड कापायचं नाही, चाक बॉडीच्या बाहेर काढायचं नाही, आणि जे काही कराल ते बोल्ट काढून एका दिवसात मूळ जागेवर आणता आलं पाहिजे. रंग बदलणार असाल तर तो आरसीवर चढवून घ्या. इन्शुरन्सवाल्याला पण बदल आधीच लेखी कळवा, क्लेमच्या वेळी वाद नको.

आणि एक, तुमच्याकडं ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल आणि ती २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर चासी, बॉडी, इंजिन यातलं काहीही बदललेलं चालत नाही. अशा गाडीला कृपा करून हात लावू नका, तिला तिच्या उंचीवर राहू द्या.

लो करायच्या आधी गाडी सरळ करा

इथं बरेच लोक चुकतात. वीस-तीस वर्षांची गाडी आहे, तिचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) वाळून तडे गेलेत, बॉल जॉइंट ढिले आहेत, शॉकअप गळतायत, आणि तिच्यावर आपण लो स्प्रिंग टाकतो, मग गाडी ढाणढाण वाजते आणि दोष स्प्रिंगला. १२४ मध्ये बघायच्या जागा ठरलेल्या आहेत, पुढचे लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, बॉल जॉइंट, शॉकअपच्या वरचं रबर माउंट, स्टिअरिंगचं सेंटर लिंक, आयडलर आर्मचा बुश आणि स्टिअरिंग डॅम्पर. मागं प्रत्येक चाकाला पाच पाच लिंक आहेत, ही पाच लिंकची रचना मर्सिडीजनं १९८२ मध्ये आधी छोट्या १९० ला दिली आणि मग १२४ ला, ती गाडी रस्त्याला इतकी धरून चालते ती याच्यामुळंच. पण पाच लिंक म्हणजे दोन्ही बाजूचे मिळून रबरी बुश किती होतात ते मोजा, आणि सोलापूरच्या उन्हात रबर जास्त लवकर कडक होतं. मागचं सबफ्रेमचं (या लिंक ज्या चौकटीला धरलेल्या असतात तिचं) माउंट पण बघा, ब्रेक मारताना मागून एक ठक आवाज येत असेल तर बहुतेक तेच असतं.

हे सगळं मूळ उंचीवरच करा आणि थोडे दिवस गाडी चालवा. नीट झालेली १२४ हायवेला मोहोळपर्यंत जाऊन या, तिची मूळ चाल काय आहे ते कळेल. ही चाल राखूनच खाली जायचंय, नाहीतर मग जर्मन गाडी घेतली कशाला.

मोजमाप

टेप घ्या. गाडी सपाट फरशीवर, टायरमध्ये हवा बरोबर, टाकी अर्धी, डिकी रिकामी. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, चारही बाजू, आणि मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका कारण टायर झिजला किंवा हवा कमी असली की तो आकडा बदलतो. चारातला एक आकडा दहा-बारा मिलिमीटरनं वेगळा आला तर तिथली स्प्रिंग थकलीय किंवा कुणीतरी आधी काहीतरी उद्योग केलाय.

आता दुसरं माप, आणि इथं सोलापूर येतं. घरातली चार माणसं बसवा, डिकीत सामान टाका, आणि गाडीखाली सगळ्यात खालची वस्तू शोधा, बहुतेक वेळा सायलेन्सरचा पाइप किंवा चेंबरच्या आसपासचं काहीतरी असतं, आणि तिची जमिनीपासूनची उंची मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गोल स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे चढ एकदम हळूहळू. पण जुळे सोलापुरात किंवा शेळगीत आत शिरलात की जे ब्रेकर आहेत ते याच्यापेक्षा उंच आणि एकदम टोकदार असतात, कुठल्याच पुस्तकात न बसणारे. म्हणून मी म्हणतो की लो केल्यावर भरलेल्या गाडीखाली किमान १३ सेंटिमीटर राहिले पाहिजेत. भरलेल्या मापातून १३ वजा करा, जे उरेल तेवढीच तुमची मर्यादा, त्यात वाद नाही. १२४ वर माझ्या मते इथं ३० मिलिमीटर छान, ४० ला शेवट. जर्मनीत लोक ६० करतात, तिथले रस्ते बघा आणि सोडून द्या.

स्प्रिंग कापायची नाही

कुठल्याही गॅरेजला जाऊन नुसतं लो म्हणा, पहिलं वाक्य हेच ऐकू येतं, "काय ओ मालक, एक कडी कट मारतो की, दोन तासात गाडी खाली, नवीन स्प्रिंगला कशाला पैसे घालता." नम्रपणे नाही म्हणा. कारणं सांगतो. गॅस कटरनं कापली की त्या टोकाचं पाणी उतरतं, स्टील तिथं कमजोर होतं. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, आठ चालू वेढ्यातला एक गेला की साधारण सातव्या हिश्शानं जास्त कडक, पण शॉकअप तोच जुना, त्याला ही स्प्रिंग आवरता येत नाही आणि गाडी उड्या मारत राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, १२४ च्या स्प्रिंगचं टोक खालच्या आर्मच्या वाटीत ठराविक जागी टेकून बसतं, कापलेलं टोक तिथं नीट बसत नाही, चाक मोठ्या खड्ड्यात लटकलं की स्प्रिंग फिरते किंवा जागा सोडते. ज्या गाडीत घरची माणसं बसणार तिच्यात हे नको.

मग खाली करायचे सरळ रस्ते दोन. पहिला जवळजवळ फुकटचा आहे आणि फार कमी लोकांना माहीत आहे, तो म्हणजे स्प्रिंग पॅड. १२४ मध्ये स्प्रिंगच्या वरच्या टोकाला एक जाड रबरी कडं असतं, आणि कंपनीनंच ते वेगवेगळ्या जाडीत दिलंय, पुढचं ८, १३, १८ आणि २३ मिलिमीटर. कुठलं बसलंय ते ओळखायला त्याच्या कडेवर बारीक गुठळ्या असतात, एक गुठळी म्हणजे सगळ्यात पातळ, चार म्हणजे सगळ्यात जाड, मडगार्डच्या आत बॅटरी मारून बोट फिरवलं की चिखलाखालीसुद्धा हाताला लागतात. तुमच्या गाडीत तीन गुठळीचं असेल आणि तुम्ही एक गुठळीचं टाकलंत तर १० मिलिमीटर तिथंच गेले, आणि स्प्रिंग आर्मच्या मधे आहे, चाक तिच्याही बाहेर, त्यामुळं चाकाजवळ गाडी त्याहून जास्त उतरते. सगळं कंपनीचं सामान. डावी-उजवी उंची वेगळी असेल तर ती पण पॅडनंच जुळवतात, पॅड मुळात त्यासाठीच आहेत.

दुसरा रस्ता म्हणजे तयार लो स्प्रिंग. आयबाख १९५१ पासून स्प्रिंगच बनवतात, एच अँड आर पण जर्मनीतलेच. यांच्या स्प्रिंगबरोबर तिकडं तपासणीचा कागद येतो कारण जर्मनीत असा बदल टीयूव्ही या तपासणी संस्थेकडून पास करून घ्यावा लागतो, तो कागद आपल्या आरटीओला चालेल असं नाही पण स्प्रिंग कुठल्या मॉडेलला आणि किती वजनाला आहे ते त्यात लिहिलेलं असतं, म्हणून तो मागून घ्या. डिझेलचं इंजिन जड, पेट्रोलची स्प्रिंग डिझेलला टाकू नका, पुढून नको तेवढी बसते. शॉकअप पण त्याच्या जोडीचे लागतात, बिलस्टाइन घ्या, ही कंपनी १९५७ पासून मर्सिडीजला गॅसचे शॉकअप देतेय. लो गाडीला थोडा आखूड शॉकअप मिळतो तो घ्या, मूळ लांबीचा टाकला तर आत दांड्याला चालायला जागा कमी राहते. आणि स्वस्तातला डुप्लिकेट दिसला तर डब्यावरच्या स्पेलिंगकडं नीट बघा.

काम करताना

हे नीट वाचा. १२४ मध्ये पुढचा शॉकअप वेगळा आणि स्प्रिंग वेगळी, स्प्रिंग लोअर आर्म आणि बॉडीच्या मधे दाबून बसवलेली. मारुती, ह्युंदाईवर हात बसलेल्या मिस्त्रीला वाटतं की शॉकअप खोलला की स्प्रिंग त्याच्याबरोबर बाहेर येईल. इथं उलटं आहे, तो शॉकअपच आर्मला खाली जाण्यापासून अडवून धरतो, आणि आर्मखाली जॅक न लावता तो खोललात तर स्प्रिंग सगळा जोर घेऊन सुटते. माणूस मरू शकतो, हे मी वाढवून सांगत नाहीये. त्यामुळं स्प्रिंगच्या आतून घालायचा कॉम्प्रेसर लागतो, मधे एक लांब स्क्रू आणि वर-खाली दोन प्लेटा असलेला. बाहेरून दोन हुक लावायचा जो सगळीकडं मिळतो तो इथं बसतच नाही, जागाच नाही. तुमच्या मिस्त्रीकडं आतला कॉम्प्रेसर नसेल तर काम दुसरीकडं करा, सोलापुरात नाही मिळाला तर गाडी पुण्याला न्या, अडीचशे किलोमीटर तर आहे. गाडी नुसत्या जॅकवर कधीच नाही, खाली भक्कम स्टँड, आणि स्प्रिंग दाबलेली असताना तिच्या तोंडासमोर कुणी बसायचं नाही, चहावाला पोरगा पण नाही.

मागच्या स्प्रिंगला पण तोच आतला कॉम्प्रेसर, आणि मागं तर सोपं आहे तरी घाई नको. स्टेशन वॅगन असेल तर मागं तेलावर चालणारी आपोआप उंची राखणारी सिस्टीम असते, तिला हे सगळं लागू नाही.

आता ती गोष्ट जी नव्वद टक्के गॅरेजमध्ये चुकीची होते. बुशमधून जाणारे बोल्ट गाडी हवेत असताना फक्त हातानं लावा, फायनल पाना मारायचा नाही. गाडी चाकांवर खाली उतरवा, पुढं-मागं ढकला, बॉनेट दाबून चार झटके द्या म्हणजे ती आपल्या उंचीवर बसेल, आणि मग पिटमध्ये किंवा रॅम्पवर चाकावर वजन असतानाच बोल्ट आवळा. कारण बुशचं रबर बोल्ट आवळला त्या जागी पकडलं जातं, लटकलेल्या आर्मवर आवळलात तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहणार, थोड्याच दिवसात फाटणार, आणि गाडी पाहिजे तेवढी खाली बसणार पण नाही. मिस्त्री म्हणेल काय फरक पडतो. पडतो, तुम्ही तिथं उभं राहून करून घ्या, त्याला मान देऊन, मामा म्हणून, पण करून घ्याच.

चाकं

लो गाडीचं निम्मं रूप चाकात आहे. १२४ चं मूळ चाक १५ इंची, साडेसहा जे (म्हणजे रिम साडेसहा इंच रुंद), ईटी ४९ (बोल्टची बैठक रिमच्या मध्यापासून ४९ मिलिमीटर बाहेरच्या बाजूला), टायर १९५/६५ (१९५ मिलिमीटर रुंद, भिंत रुंदीच्या ६५ टक्के). बोल्ट पाच, ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर, मधलं भोक ६६.६ मिलिमीटर. हे भोक जुळलं पाहिजे नाहीतर रिंग टाकून जुळवा, म्हणजे हायवेला स्टिअरिंग थरथरणार नाही. मला मनापासून १६ इंची आवडतं, साडेसात जे, ईटी ४१, त्यावर २०५/५५. हिशोब करून बघा, मूळ टायरचा पूर्ण व्यास ६३४ मिलिमीटर आणि हा ६३२, म्हणजे स्पीडोमीटर तोच राहतो, आणि चाकाची कड बाहेर साधारण २० मिलिमीटर आणि आत ५ मिलिमीटर जाते, तेवढ्यात मडगार्ड एकदम भरून दिसतं आणि काही घासत नाही. १७ इंचीला २२५/४५ चा व्यास पण ६३४ च येतो, दिसायला भारी, पण टायरची भिंत इतकी कमी होते की आपल्याकडच्या एका खड्ड्यात रिम वाकते. बीबीएस आरएस सारख्या जाळीच्या चाकांचा मोह सगळ्यांना होतो, मला पण होतो, १९८३ पासून त्या डिझाइनला तोड नाही, फक्त नकली घेऊ नका, ओतीव हलक्या रिमला आपल्या रस्त्यावर चिरा पडतात.

टायर घेताना कडेवरचे चार आकडे वाचा, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. जुना साठा गळ्यात मारतात. नवीन चाकाला बोल्टची लांबी तीच चालते का ते बघा, आणि आवळताना ११० न्यूटन मीटर, टॉर्क पान्यानं, पाइप घालून नाही.

अलाइनमेंट आणि लाइट

लगेच अलाइनमेंट करू नका. नवीन स्प्रिंग थोडी बसते, तीनशे-चारशे किलोमीटर चालवा, परत तेच चार आकडे मोजा, आणि मग जा. १२४ ला पुढं कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती झुकलंय) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढं-मागं कल) दोन्ही ॲडजस्ट होतात, लोअर आर्मचे आतले बोल्ट एक्सेंट्रिक आहेत, म्हणजे मध्य एका बाजूला असलेले, फिरवले की आर्म सरकतो. बरेच अलाइनमेंटवाले फक्त टो (चाकं समोरून आत-बाहेर किती वळलीत ते) करून पैसे घेतात आणि बाकी होत नाही म्हणतात, तुम्ही बोल्ट दाखवा. मागं लो केल्यावर चाकं वरून आत झुकतात, ४० पर्यंत चालून जातं, त्याच्या पुढं टायर आतून खायला लागतो. हेडलाइट पण परत सेट करा, स्प्रिंग बदलली की बीम जागा सोडतो आणि रात्री तुळजापूरच्या घाटात ते कळतं.

बीटल आणि ई ३०

साध्या बीटलला कॉइल स्प्रिंगच नाही, टॉर्शन बार आहेत, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे. मागं हा बार दोन्ही टोकाला दातेरी असतो, आत ४० दाते, बाहेर ४४. आतून एक दाता फिरवला तर ९ अंश, बाहेरून एक उलटा फिरवला तर ८.२ अंश, म्हणजे दोन्ही मिळून जेमतेम पाऊण-एक अंशाचा बदल, इतक्या बारकाईनं उंची धरता येते आणि एक पैशाचा पार्ट लागत नाही, मला तर हे डिझाइन बघून हात जोडावेसे वाटतात. फक्त फिरवायच्या आधी मूळ कोन खडूनं आणि फोटोनं नोंदवून ठेवा. बीटलच्या चाकाला पाच बोल्ट २०५ वर, आणि साधारण १९६८ पासूनच्या बऱ्याच मॉडेलला चार १३० वर, चाक घेताना हे तपासा.

ई ३० ला मागं सेमी ट्रेलिंग आर्म, म्हणजे प्रत्येक चाकाला तिरका बसवलेला एकच आर्म, खाली केली की चाक आत झुकतं आणि टो पण बदलतो, आणि कंपनीनं तिथं ॲडजस्ट करायला काही दिलेलं नाही. तिला ३० च्या पुढं नेऊ नका.

चालवताना

उंच ब्रेकरला तिरकं जा, एकेक चाक चढवत, रिकाम्या रस्त्यावर. गड्डा यात्रेच्या दिवसात सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूला गाडी नेऊच नका, गर्दीत तिरकं घ्यायला जागा नसते आणि कडेच्या नाल्यावरच्या जाळ्या सायलेन्सर धरतात. पावसात साचलेल्या पाण्यातला खड्डा दिसत नाही, तिथं पुढच्या गाडीचं चाक किती बुडतंय ते बघून जा. दर सर्व्हिसला पुढच्या मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर टायर घासल्याची चकाकी आलीय का ते बघा, आली असेल तर एक गुठळी जाड पॅड टाका आणि मोकळे व्हा.

मूळ स्प्रिंग आणि पॅड फेकू नका. पुसून, गंजू नये म्हणून तेलाचा हात फिरवून, पुढची-मागची, डावी-उजवी असं खडूनं लिहून पोत्यात बांधून ठेवा, पुढच्या नूतनीकरणाला आरटीओच्या आदल्या आठवड्यात तेच लागणार आहेत.